पाय टेकला की ट्रेडमिलचा पट्टा अडखळतो: मोटर बदलण्याआधी हे बघा

पावसाला सुरुवात झाली की मला येणारे फोन वाढतात. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली किंवा किल्ल्याच्या तळ्याकाठी रोज सकाळी फिरणारी माणसं जूनपासून घरात अडकतात, आणि आठ महिने चादरीखाली असलेली ट्रेडमिल पुन्हा सुरू होते. दोन-चार दिवसांत फोन येतो, "दादा, रिकामी चालवली तर झकास चालते, पाय टेकला की अडकायलीय बघा." टिळकवाडी असो, अनगोळ असो, नाहीतर खानापूर-निपाणीकडचं एखादं गाव, वाक्य तेच.

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मोटर वाइंडिंगच्या कामावर माझा हात बसला आणि गेली दहा-बारा वर्षं मी घरगुती ट्रेडमिल दुरुस्त करतोय. या एका तक्रारीवर मी कितीतरी घरी गेलोय. मोटर खरोखर गेलेली असते ती फार थोड्या ठिकाणी. बहुतेक घरी पट्टा आणि त्याखालची फळी कोरडी पडलेली असते. वाईट याचं वाटतं, की लोक तेल घालायचं सोडून पट्टा आवळतात, आणि त्या आवळण्यानं धडधाकट मोटर जळते.

आधी लक्षण नीट ओळखा

"अडकते" या एका शब्दात चार वेगळे बिघाड येतात. म्हणून कान आणि पाय दोन्ही लावून बघा.

– पाय टेकला की मोटरचा आवाज जड होतो, घुमल्यासारखा येतो, वेग उतरतो आणि शेवटी मशीन बंद पडतं. हळू चालताना हे जास्त होतं. इथं मोटरवर ओझं पडतंय: घर्षण वाढलंय, नाहीतर वीज कमी मिळतेय.

– मोटरचा आवाज एकसारखा आहे, पण पायाखाली पट्टा क्षणभर थांबतो आणि पुन्हा पळतो. हा पट्टा घसरतोय.

– माणूस नसतानाही पट्टा सुरू होऊन पाच-दहा सेकंदांत थांबतो आणि पडद्यावर एखादा एररचा आकडा येतो. हा बहुधा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा प्रश्न. आकड्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तो पुस्तिकेतच बघावा.

– बटण दाबताच घरातला एमसीबी (जादा भाराला पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (वीजगळती पकडणारा स्विच) पडतो. याचं खाली वेगळं सांगतो, कारण यात जिवाला धोका आहे.

पहिलं लक्षण वयस्कर माणसांच्या मशीनवर जास्त का दिसतं, तेही सांगतो. नव्वद किलोचा माणूस ताशी २ किलोमीटरनं चालतो तेव्हा त्याचं पाऊल पट्ट्यावर जास्त वेळ दाबून राहतं. त्या दाबाखाली पट्टा ओढायला मोटरला जास्त ताकद लागते. शिवाय बहुतेक घरगुती मशीनमध्ये मोटर गार करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरतो. म्हणजे काम जास्त, वारा कमी. तरुण मुलगा त्याच मशीनवर पळून दाखवतो आणि म्हणतो, "बाबा, काही झालेलं नाही याला." वडील खरं बोलत असतात.

दुरुस्ती होईपर्यंत अशा मशीनवर वयस्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला चढू देऊ नका. अचानक थांबलेल्या पट्ट्यावर तोल जायला एक पाऊल पुरतं.

काही न उघडता, पैसे न घालता

सुरुवात सेफ्टी चावीपासून. लाल रंगाची, दोरीला चिमटा असलेली. बऱ्याच मशीनमध्ये तिच्या आत फक्त एक लोहचुंबक असतो. ती नीट बसली नसेल किंवा चुंबक निसटला असेल, तर चालता चालता धक्क्यानं मशीन बंद पडतं. चावी काढून तिची जागा कोरड्या कापडानं पुसा, परत बसवा. एका घरी पोरानं तो चुंबक काढून फ्रीजला लावला होता, आणि चावी नुसतीच खोबणीत अडकवलेली होती.

मग सॉकेट. मशीनवर २ एचपी लिहिलं असेल तर हिशेब करा: १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पूर्ण ताकदीला दीड किलोवॅट. २३० व्होल्टवर हे साडेसहा अँपिअर होतात. टीव्हीजवळचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. ट्रेडमिलला गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा, आणि तोही थेट. मध्ये बारीक वायरीची एक्स्टेंशन लावली की वायरीतच विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो. मोबाइल चार्ज करायची गुंडाळलेली एक्स्टेंशन असेल तर ती आधी काढा आणि मशीन थेट भिंतीला लावून बघा. माझ्या अर्ध्या तासाच्या फेऱ्या एवढ्यावरच संपल्या आहेत.

दहा मिनिटं चालल्यावर बटण बंद करून प्लग काढा आणि प्लगच्या अंगाला हात लावा. कोमट ठीक आहे. चटका बसत असेल किंवा पिना काळ्या पडल्या असतील तर सॉकेटची पकड ढिली झालीय. सॉकेट वायरमनकडून बदलून घ्या, मशीनला हात लावायची गरज नाही.

व्होल्टेज बघायला प्लगमध्ये बसणारा छोटा डिजिटल मीटर मिळतो, तो शेजारच्या सॉकेटला लावा. मशीन बंद असताना आकडा लिहा, मग माणूस चालत असताना लिहा. बंद असतानाच २०० च्या आसपास असेल तर दाब बाहेरूनच कमी येतोय. बंद असताना २३० आणि चालताना पंधरा-वीसनं खाली, तर दोष घरच्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या ढिल्या जोडात आहे. अथणी-रायबागकडच्या एका मळ्यातल्या घरी मशीन सकाळी उत्तम चालायचं आणि संध्याकाळी बंद पडायचं. मालकांनी मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड दोनदा बदलून घेतलं होतं. मी दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवायला सांगितले, तेव्हा कळलं की संध्याकाळी दाब १८५ वर येतो. चालायची वेळ सकाळची केली. इन्व्हर्टरवर मात्र ट्रेडमिल लावू नका, साधा घरगुती इन्व्हर्टर तो भार झेलत नाही.

आता फरशी. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते आणि पाणी वाहून जायला तिला उतार ठेवलेला असतो. मशीनचा एक पाय अधांतरी असेल तर चौकट पिळते आणि पट्टा कायम एका बाजूला सरकतो. लोक मागचे स्क्रू फिरवून थकतात, आणि आठवड्यात पट्टा परत तिथंच. आधी लेव्हल (पाणसळ) लावा, खालचे रबरी पाय फिरवून मशीन चारी बाजूंनी टेकवा, मगच स्क्रूकडे बघा.

तेल: इथंच बहुतेकांचं काम होतं

मागच्या श्रावणात शहापुरातल्या एका घरी गेलो. काकांची अँजिओप्लास्टी झालेली, डॉक्टरांनी रोज अर्धा तास हळू चालायला सांगितलेलं. आधी येऊन गेलेल्या माणसानं मोटर गेली म्हणून आठ हजारांचा अंदाज दिला होता. अक्का दारातच म्हणाल्या, "तू तरी खरं सांग बाबा. मोटर गेली असंल तर विकून टाकतो आम्ही हे."

मी प्लग काढला, पट्ट्याची कड उचलली आणि तळहात आत सरकवला. पाय पडतात त्या जागी फळी खरखरीत लागली. हात बाहेर काढला तर बोटांवर राखाडी पूड, पाट्यावरची शिळी चटणी वाळावी तशी चिकटलेली. ती पट्ट्याच्या आतल्या कापडाची झीज होती. चार वर्षांत एकदाही तेल घातलेलं नव्हतं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. मी स्वतः एक मिनिट चालून क्लॅम्प मीटर (वायरीतला प्रवाह मोजणारं यंत्र) लावला तेव्हा ५.८ अँपिअर आले होते. साफसफाई आणि तेल झाल्यावर त्याच वेगाला, मीच चालताना ३.१. मोटर तीच. अक्कांनी आत जाऊन कुंदा आणला.

ही तपासणी तुम्हीही करा. प्लग काढा, पट्टा मधोमध कडेनं उचला, हात फळीवर फिरवा. बोटांना तेलकट, गुळगुळीत लागलं तर ठीक. कोरडं लागलं तर तेल हवंय.

तेल शुद्ध सिलिकॉनचंच. ट्रेडमिलसाठी म्हणून बाटली मिळते, ती घ्या. शिलाई मशीनचं तेल, इंजिन ऑइल, गंज काढायचा स्प्रे यातलं काही नको. ही खनिज तेलं पट्ट्याचं रबर फुगवतात आणि थरांमधला गोंद सोडवतात. खोबरेल तर मुळीच नको. ते २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. आपल्या मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी बाटलीत दगड होतो, तोच दगड पट्ट्याखाली होतो आणि त्यावर लाल धूळ बसते.

आधी पुसायचं. जुन्या सुती धोतराची किंवा साडीची लांब पट्टी घ्या, पट्ट्याखालून आरपार घाला, दोन्ही बाजूंना दोघं उभे राहा आणि ताक घुसळल्यासारखं ओढत पुढून मागं या. ओलं कापड अजिबात नको. फळी दाबलेल्या भुशाची असते, पाणी पिऊन फुगते आणि मग काहीच करता येत नाही. पुसून झालं की एका बाजूनं साधारण १५ मिलिलिटर आणि दुसऱ्या बाजूनं तेवढंच तेल फळीवर नागमोडी सोडा, मुख्यतः पाय पडतात त्या भागात. मग ताशी ३-४ किलोमीटरनं पाच मिनिटं रिकामं फिरू द्या. जास्त तेल घातलं म्हणून जास्त फायदा होत नाही. जादा तेल रोलरवर जातं आणि पट्टा घसरायला लागतो.

किती दिवसांनी? पुस्तिकेत दिलं असेल ते पाळा. रोज अर्धा-पाऊण तास वापर असेल तर मी गिऱ्हाइकांना चार दिवस लक्षात ठेवायला सांगतो: संक्रांत, पाडवा, मिरग आणि दसरा. मिरगाचं तेल चुकवू नये, कारण पुढचे चार महिने मशीन सगळ्यात जास्त चालतं.

काही पट्टे मेणाचा थर दिलेल्या फळीवर चालतात आणि त्यांना तेल घालायचं नसतं. तसं पुस्तिकेत किंवा चौकटीवरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. ते वाचूनच बाटली उघडा.

पट्ट्याचा ताण, आणि माझी एक चूक

तेल झालं, वीज ठीक आहे आणि तरीही पट्टा पायाखाली घसरतो, तेव्हाच ताणाकडे या. मागच्या रोलरला दोन बोल्ट असतात, बहुतेक मशीनसोबत त्यांची एलन की (षटकोनी चावी) येते. पट्टा मधोमध उचलून बघा. पाच ते सात सेंटिमीटर उचलला जायला हवा. त्यापेक्षा जास्त लोंबत असेल तर दोन्ही बोल्ट घड्याळाच्या दिशेनं पाव-पाव फेरा. दोन्ही सारखेच. मग चालून बघा, लागला तर आणखी पाव. एका दमात अर्ध्या फेऱ्याच्या वर कधी जाऊ नका.

मी सुरुवातीच्या काळात वडगावातल्या एका घरी घसरणारा पट्टा दोन फेरे आवळून दिला होता. घसरणं थांबलं, घरचे खूश झाले, मीही पैसे घेऊन आलो. दोन महिन्यांत पुढच्या रोलरचं बेरिंग ओरडायला लागलं आणि कार्ड जळलं. पट्टा कोरडा होता, मी हात घालून बघितलाच नव्हता. तो खर्च मी भरून दिला. तेव्हापासून तेल बघितल्याशिवाय एलन की हातात घेत नाही.

पट्टा उजवीकडे सरकत असेल तर उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, डावीकडे सरकत असेल तर डावा. ताशी ४-५ किलोमीटरनं रिकामं चालवून मिनिट-दोन मिनिटं थांबा, पट्टा सावकाश जागेवर येतो. घाई केली की तो दुसऱ्या बाजूला जातो. हे करताना ओढणी, धोतराचा सोगा, लोंबती बाही मागच्या रोलरजवळ नको, आणि पोरांना खोलीबाहेर ठेवा. मागच्या रोलरमध्ये लहान बोटं ओढली जातात. त्याचसाठी मशीनच्या मागं भिंतीपर्यंत सहा फूट मोकळी जागा ठेवायला मी नेहमी सांगतो.

पुढचं झाकण उघडायचं असेल तर

इथून पुढं स्वच्छतेपुरतंच. प्लग काढा आणि किमान दहा मिनिटं थांबा. कार्डावरच्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्ट एसीचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी होऊन साठलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही ते राहतात. थांबल्यावरही कार्डाला बोट लावू नका.

आत काय दिसेल? आपली लाल माती, केस, झुरळांची घाण, आणि खानापूर-जांबोटीकडच्या घरांत बऱ्याचदा उंदरानं कुरतडलेली वायर. कोरड्या मऊ ब्रशनं आणि व्हॅक्यूम क्लीनरनं धूळ काढा. मोटरच्या जाळीत धूळ बसली की वारा जात नाही. पुढच्या रोलरच्या कप्पीवर एक छोटा चुंबक असतो आणि त्याच्यासमोर दोन-तीन मिलिमीटरवर सेन्सर. सुरू होऊन लगेच थांबणाऱ्या मशीनमध्ये हा सेन्सर धक्क्यानं वाकलेला किंवा धुळीनं झाकलेला सापडतो. पुसा, समोर आणा. मोटर आणि रोलर यांच्यामधला छोटा पट्टा चिरलेला, चकाकणारा दिसला तर घसरणं त्याचंही असू शकतं. पण तो बदलणं मेकॅनिककडं द्या.

इथं थांबा

आरसीसीबी पडत असेल तर थांबा. पावसाळ्यात वर पत्र्याखाली किंवा गॅलरीत ठेवलेल्या मशीनचं हे नेहमीचं. मोटरमध्ये कार्बनची झिजलेली पूड साठलेली असते, हवेतली ओल तिच्यात शिरते आणि त्या ओल्या पुडीतून वीज मोटरच्या अंगावर येते. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ती गळती पकडतो. म्हणजे तो तुमचा जीव वाचवतोय. काही जण "हा फार त्रास देतो" म्हणून प्लगची अर्थिंगची मोठी पिन कापून टाकतात किंवा आरसीसीबीलाच बगल देतात. कृपा करून असं करू नका. मग तीच वीज लोखंडी दांड्यावर येते, आणि घामेजल्या हातानं तो दांडा धरून आपलंच माणूस चालत असतं. मेगर (वीजगळती तपासायचं मीटर) असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जळका वास आला, मोटरच्या जाळीतून मोठ्या निळ्या ठिणग्या दिसल्या, पडदा चालू पण पट्टा हलतच नाही, आपोआप वेग वाढला, बेरिंगचा घरघर आवाज येतोय, पट्ट्याच्या कडेचे दोरे निघालेत किंवा फळीला तडा गेलाय, तर प्लग काढून मशीन तसंच ठेवा. वेग आपोआप वाढणं यात सगळ्यात वाईट, एकदा जरी झालं तरी त्यावर पुन्हा चढायचं नाही. मोटरमधले कार्बन (ब्रश) बदलणं स्वस्तातलं काम आहे, पण ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर खराब झालाय का हे बघणारी नजर लागते. कार्ड तर घरी उघडूच नये.

मेकॅनिकला फोन करताना "चालत नाही" एवढंच सांगू नका. कुठल्या वेगाला अडकतं, चालणाऱ्याचं वजन किती, रिकामं चालतं का, आवाज जड होतो की तसाच राहतो, शेवटचं तेल कधी घातलं आणि चालताना व्होल्टेज किती, हे कागदावर लिहून ठेवा. चौकटीवरच्या लेबलचा फोटो पाठवा. त्यानं पट्ट्याखाली हात न घालताच मोटर गेली म्हटलं, तर त्याला आधी पट्टा उचलून दाखवायला सांगा.